बऱ्या झालेल्या डोळ्यांची साक्ष

बळवंतरावांचा अभिषेक दुपारी व्हायचा होता, आणि रेवतीच्या पायावर कढत वरण सांडलं ते त्याच दिवशी सकाळी.

खाली सोसायटीच्या लॉनवर तंबू ठोकणं चाललं होतं. दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा राहती माणसं कमी आणि बंद फ्लॅट जास्त. हातोड्याचा ठोका समोरच्या रिकाम्या इमारतीवर आपटून परत येई. गुडगावच्या एका फार्महाऊसवर भरणाऱ्या प्रार्थनासभेची नवी शाखा आजपासून इथं सुरू होणार होती. शाखेचे प्रमुख म्हणून त्या सभेचे पास्टरजी बळवंतराव आढावांच्या माथ्याला तेल लावून त्यांच्यावर हात ठेवणार होते. पाहुण्यांचं जेवण केटररकडे होतं. घरच्यांपुरता वरणभात मात्र सुमित्राबाईंनी स्वतः करायला घेतला होता, कारण मोठ्या दिवशी नवऱ्याला बाहेरचं पचत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

रेवती, त्यांची सून, ओट्याच्या कडेला कोथिंबीर निवडत उभी होती. सुमित्राबाईंनी पातेलं उतरवलं आणि त्या डावीकडे वळल्या. रेवती हललीसुद्धा नाही. हातभर अंतरावरचं माणूस आपल्याला बघतंय असंच कुणीही धरून चालतं. पातेलं तिच्या कमरेवर आदळलं आणि अर्धं वरण तिच्या पावलावर सांडलं.

रेवतीनं ओठ चावून पाय बादलीत बुडवला. सुमित्राबाई पातेलं धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तू होतीस का इथं?" त्यांनी विचारलं.

पायाची आग विसरून रेवती त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या काही महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी तिला एकदम आठवल्या. दाराच्या चौकटीला लागलेला सासूबाईंचा खांदा. नडगीवरचे काळेनिळे डाग. रेवतीच्या लहानग्या लेकीची, कादंबरीची, खेळणी पायाखाली आली की त्यांचं ते दचकणं. रेवतीनं हे सगळं वयावर घातलं होतं. आता तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि सरळ विचारलं, किती दिसतं.

सुमित्राबाई आधी हसल्या. मग त्यांनी सांगितलं, ते अगदी बाजारातल्या भाज्यांचे भाव सांगावेत तसं. डावा डोळा दिवाळीच्या आधीच गेला. उजव्यानं समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं नाहीसं झालंय. वाचता येतं अजून, अक्षर न् अक्षर, नेम धरून.

"आणि ड्रॉप्स?"

"ते मी बंद केले ना. बरी झाले तेव्हापासून."

'बरी झाले' हे शब्द त्यांनी खाली बघून उच्चारले.

*

सुमित्राबाईंना काचबिंदू आहे हे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असतानाच कळलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की थेंब जन्मभर घालायचे, गेलेली नजर परत येत नाही, पण असलेली राखता येते. बळवंतराव तेव्हा रोज स्वतः त्यांच्या डोळ्यांत औषध घालत. ते दिवस सुमित्राबाईंना फार आठवत. मंत्रालयातून दमून आलेला नवरा हातपाय धुऊन यायचा, त्यांची हनुवटी वर करायचा, आणि थेंब पडेपर्यंत दोघं एकमेकांचा श्वास ऐकत थांबायची.

त्या वेळी मराठी मंडळीची उपासना महिन्याच्या पहिल्या रविवारी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरे. नगरकडची, सोलापूरकडची, नोकरीपायी दिल्लीत येऊन पडलेली पंधरावीस ख्रिस्ती घरं. कार्बन पेपर घालून टाइप केलेली गीतं, एक पेटी, आणि उपासनेनंतर कुणाच्या तरी घरचे पोहे. बळवंतरावांची प्रार्थना हे त्या मंडळीचं वैभव होतं. ते बोलायला लागले की लहान मुलंही चुळबुळ थांबवत.

जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलून गेले तेव्हा मंडळीनं उपासना चालवायला आपल्यातलाच एक 'वडील', म्हणजे प्रमुख, निवडायचं ठरवलं. बळवंतरावांनी नवा कोट शिवून घेतला होता. मंडळीनं निवडलं विठ्ठलरावांना, सुमित्राबाईंच्या थोरल्या भावाला. विठ्ठलराव सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, बोलताना अडखळायचे आणि प्रार्थना कागदावर लिहून आणायचे. पण मंडळीतलं कुणी आजारी पडलं की सायकलवरून पहिले तेच पोचत.

पुढच्या महिन्यात बळवंतराव उपासनेला गेले नाहीत, आणि मग कधीच गेले नाहीत. देवानं आपल्याला मोठ्या कामासाठी बाजूला काढलंय, असं ते घरात म्हणू लागले. विठ्ठलराव दोनदा बोलवायला आले. दोन्ही वेळा बळवंतराव आतल्या खोलीत बसून राहिले, आणि ते घरी नाहीत असं सख्ख्या भावाला सुमित्राबाईंनी सांगितलं. दुसऱ्या वेळी भाऊ जिना उतरत असताना त्यांच्या तोंडून हाक निघता निघता राहिली. तेव्हापासून चार वर्षं त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता पाहायचं म्हटलं तरी किती पाहता येईल, या विचारानं त्यांना झोप लागेनाशी झाली होती.

मग निवृत्ती आली. ज्या टेबलावरून फाइल हलल्याशिवाय काम पुढं जात नसे त्या टेबलावर दुसरा माणूस बसला. फोन येईनासे झाले. त्या रिकाम्या दिवसांत कुणीतरी बळवंतरावांना गुडगावच्या सभेला नेलं. पास्टरजींनी त्यांची एकच प्रार्थना ऐकली आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांची खुर्ची मंचावर मांडली.

तिथंच एकदा पास्टरजींनी सुमित्राबाईंच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्या संध्याकाळी त्यांना हलकं वाटलं आणि तसं त्या बोलल्या. 'बरं वाटतंय', एवढंच. पुढच्या सभेत बळवंतरावांनी मंचावरून साक्ष दिली की पत्नी पूर्ण बरी झाली आहे, तपासणारा डॉक्टरही चकित झाला आहे. कुठलाही डॉक्टर चकित झाला नव्हता. कुणी तपासलंच नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि सुमित्राबाई खाली बसून नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं ते तेज बघत होत्या. निवृत्तीनंतर ते तेज त्यांना पहिल्यांदा दिसलं होतं.

औषधाची बाटली संपली तेव्हा त्यांनी नवी आणायची का असं विचारलं. बळवंतराव पेपर वाचत राहिले. सुमित्राबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

"त्यांचा शब्द खोटा पडला असता गं," त्या रेवतीला म्हणाल्या.

*

नवऱ्याला, प्रतीकला, रेवतीनं बेडरूममध्ये बोलावून सगळं सांगितलं. तो पलंगाच्या काठावर बसला आणि बराच वेळ बूट हातात घेऊन राहिला. आईचं वाईट वाटत होतं. पण त्याच क्षणी त्याला दुपारची पहिली रांगही दिसत होती. गुडगावच्या ज्या कंपनीत तो होता तिथले त्याचे बॉस पास्टरजींच्या सभेतले. ते सहकुटुंब येणार होते. लहानपणी रविवारी पेटी उचलून बापामागून बसस्टॉपवर उभं राहायची त्याला लाज वाटे. आता पहिल्यांदाच बाप म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट झाली होती.

"आजचा प्रोग्रॅम होऊ दे," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी सुट्टी टाकतो. बिल्कुल टाकतो."

"आज त्या बऱ्या झाल्याचा पुरावा म्हणून उभ्या राहून बायबल वाचणार आहेत, प्रतीक. सगळ्यांसमोर, चष्म्याशिवाय. लोक आपापले आजारी घेऊन येतील. तेही औषधं बंद करतील."

तो वाकून बूट घालू लागला. तेवढ्यात बेल वाजली आणि अलकनंदा आली.

अलकनंदा प्रतीकची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. वडील निवृत्त झाल्यावर लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर तिच्या नोकरीवर तिला मिळालं होतं आणि ती तिथं एकटी राहत होती. बापाची ती पहिल्यापासून लाडकी. त्यांनी मंडळी सोडली तेव्हा तिनंही सोडली, प्रश्न न विचारता. फक्त पहिल्या रविवारी तिची भाजी आणायची वाट बदलायची. हॉलच्या मागच्या गल्लीतून ती सावकाश जायची, आतलं गाणं संपेपर्यंत कोपऱ्यावर उभी राहायची आणि पिशवी घेऊन घरी यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

रेवतीचं बोलणं ऐकून तिचा चेहरा ताठ झाला. बाबांचं भलं झालेलं काही लोकांना बघवत नाही, असं ती म्हणाली. आणि विठ्ठलमामाकडून कुणी काही भरवलंय का, असंही विचारलं. रेवतीनं भाजलेला पाय फडक्यात गुंडाळत एवढंच म्हटलं, "ताई, तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहा."

सुमित्राबाई खिडकीशी केसांना तेल लावत बसल्या होत्या. अलकनंदा आवाज न करता त्यांच्या डावीकडे गेली आणि आणलेली नवी शाल तिनं पुढं धरली. त्या भांग पाडत राहिल्या. तिनं शाल आणखी पुढं केली, अगदी गालाजवळ. सुमित्राबाई स्वतःशीच एक जुनी चाल गुणगुणत होत्या. तीच चाल, जी अलकनंदा गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून ऐकत असे.

ती मटकन पलंगावर बसली. आवाजानं सुमित्राबाई दचकल्या, मान पूर्ण वळवून, पाखरासारखी तिरकी करून त्यांनी तिला शोधलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नंदा? कधी आलीस गं?"

*

बळवंतराव आरशासमोर टाय बांधत होते. अलकनंदानं आत येऊन दार लावलं.

"बाबा, आईला दिसत नाहीये."

"दिसतं की. काल तिनं मला अख्खं स्तोत्र वाचून दाखवलं."

"समोरचं तेवढं दिसतं. डावा डोळा पूर्ण गेलाय."

कधीपासून, असं त्यांनी विचारलं नाही. त्यावरून ती समजायचं ते समजली. आयुष्यात पहिल्यांदा बापाकडे बघताना तिला मान वर करावीशी वाटली नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

बळवंतरावांनी टायची गाठ सोडली. रात्री पाणी प्यायला उठलेली बायको भिंत चाचपत येताना त्यांनी पाहिली होती. पाहून कूस बदलली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्त वेळ प्रार्थना केली होती. पण पूर्वी ते देवाला विचारत, आता सांगू लागले होते, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"मला वाटलं, देव सांभाळून घेईल," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "माझ्यासाठी तरी."

मग ते बोलत गेले, तुटक तुटक. की मंडळीनं विठ्ठलला निवडलं तेव्हा तो नालायक असता तर इतकं लागलं नसतं. तो चांगला माणूस आहे, आपल्यापेक्षा बरा आहे, हे मनात कुठंतरी पटलं होतं, आणि तेच सहन झालं नाही. की मंचावर खुर्ची मिळाली त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. त्या साक्षीत डॉक्टरचं वाक्य आधी ठरलेलं नव्हतं. लोक ऐकत होते, आणि ते तोंडून आपसूक आलं.

अलकनंदानं सांगितलं की निदान आईचं वाचन रद्द करा. त्यांनी मान हलवली. पास्टरजींनी जाहीर करून टाकलंय, माणसं लांबून निघाली असतील. आजचा दिवस जाऊ दे, उद्या मी स्वतः तिला दवाखान्यात नेतो.

"नेऊ नका असं कुणी म्हणत नाही," ती दाराशी जाऊन म्हणाली. "आणि ती आज वाचेल, बाबा. नीट वाचेल. कुणालाही कळणार नाही."

ती गेल्यावर ते टाय हातात धरून उभे राहिले. पकडले जायची भीती असती तर सोपं होतं. ती भीती नव्हतीच.

*

तंबू भरला. वरून विमानं इतकी खालून जात की दर थोड्या वेळानं माइकवरचा आवाज बुडे. पास्टरजींनी हिंदीत प्रस्तावना केली. बळवंतरावांना पुढं बोलावून गुडघ्यांवर बसवलं, तेल लावलं. लोकांनी हात उंचावले. डोळे मिटलेल्या बळवंतरावांना वाटलं होतं की या क्षणी काहीतरी आत उतरेल. तेल फक्त कपाळावरून भुवईत उतरलं.

मग सुमित्राबाईंना बोलावलं. अलकनंदा त्यांना हाताला धरून मंचाच्या पायरीपर्यंत घेऊन आली. पायरीवर त्यांचा पाय अडखळला. पुढं बसलेल्यांना ते वयामुळं वाटलं असेल. पास्टरजींनी उघडलेला ग्रंथ त्यांच्या हातात दिला.

सुमित्राबाईंनी ग्रंथाकडे बघितलं नाही. त्या मान तिरकी करून नवऱ्याला शोधत होत्या. सापडल्यावर थांबल्या. माइक दूर होता. त्यांचं मराठी फक्त बळवंतरावांना ऐकू गेलं.

"वाचू का मी? तुम्ही सांगाल तसं करते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या, जसं औषधाच्या बाटलीचं विचारलं होतं. आणि या वेळी समोर धरायला पेपर नव्हता.

बळवंतरावांनी सुमित्राबाईंच्या हातातून ग्रंथ काढून घेतला आणि माइकपाशी गेले.

"मेरी पत्नी ठीक नहीं हुई है," ते म्हणाले. "कभी हुई ही नहीं थी. मैंने झूठ बोला था. आप लोग अपनी दवाई बंद मत कीजिए."

तंबूत कुजबुज उठली. बळवंतरावांना वाटलं आता लोक ओरडतील, उठून जातील. त्यांनी ते सोसायची तयारी केली होती. जे झालं त्याची केली नव्हती. पास्टरजींनी हसतमुखानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला, माइक आपल्याकडे घेतला, आणि सांगितलं की अभिषेकाच्या दिवशी सैतान नेमका असाच हल्ला करतो. आपले बंधू थकले आहेत, सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. कीबोर्ड वाजू लागला. माणसं मंचाकडे धावली, त्यांच्या पाठीवर, डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागली. एक बाई सुमित्राबाईंना सांगत होती, "आंटीजी, विश्वास मत छोड़िए." बळवंतराव पुन्हा तेच बोलले, आणखी मोठ्यानं. ज्या आवाजाच्या जोरावर ते आयुष्यभर चालले तो माइकशिवाय दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता.

गर्दीत सुमित्राबाई एकट्या पडल्या होत्या, सगळीकडून धक्के खात, कुठून ते न कळून. ते बघून पहिल्या रांगेत बॉसच्या शेजारी बसलेला प्रतीक उठला. बॉसनी त्याच्या बाहीला हात लावून बसायची खूण केली. त्यानं ती सोडवली, माणसांतून वाट काढत मंचावर गेला आणि आईच्या डाव्या बाजूला उभा राहिला. उजवीकडून बळवंतरावांनी धरलं. मागून अलकनंदा आणि लंगडत रेवती. अशी ती सगळी तंबूतून बाहेर पडली. मागं गाणं चालूच होतं.

*

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बळवंतरावांना चार शब्द सुनावले आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकले. डावा डोळा परत येणार नव्हता. उजव्यात जे उरलं होतं ते कदाचित टिकेल, थेंब न चुकता घातले तर. रोज संध्याकाळी ते पुन्हा बायकोची हनुवटी वर करू लागले. आता एखादा थेंब गालावर पडायचा.

गुडगावच्या सभेला दुसरा प्रमुख लगेच मिळाला. सुमित्राबाईंच्या बऱ्या झालेल्या डोळ्यांची साक्ष मात्र तिथं पुढंही सांगितली जात राहिली, नाव न घेता. ती थांबवा म्हणून सांगायला बळवंतराव दोनदा जाऊन आले. फाटकावरच्या माणसानं दोन्ही वेळा सांगितलं, पास्टरजी घर पर नहीं हैं. दुसऱ्या वेळी ते बसस्टॉपवर फार वेळ बसून राहिले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अलकनंदा सकाळीच द्वारकेला आली. कुणी काही ठरवलं नव्हतं. सुमित्राबाई आधीच साडी नेसून बसल्या होत्या.

हॉलमध्ये ती सगळी शिरली तेव्हा उपासना सुरू झाली होती. बळवंतरावांनी मागचा बाक धरला; तिथून सुमित्राबाईंच्या नजरेत समोरच्या माणसाची पाठ तेवढी मावत होती. काही माना वळल्या, पुन्हा पुढं झाल्या. कुणी त्यांना पुढं या म्हटलं नाही. विठ्ठलराव कागदावरून प्रार्थना वाचत होते आणि एका शब्दाला अडले होते. पूर्वी बळवंतरावांनी तो शब्द मनात भरून टाकला असता. आज ते त्या शब्दाची वाट बघत थांबले.

सुमित्राबाईंनी त्यांचा हात दाबला. "कोण कोण आलंय?"

त्यांनी कुजबुजत सांगायला सुरुवात केली. पेटीवर नीला आहे, केस पांढरे झालेत. तिच्या मागं अण्णासाहेब, काठी घेऊन. पलीकडे दोन मुलं आहेत, नवीन, परीक्षांच्या अभ्यासाला आलेली दिसतात. खिडकीचे पडदे बदललेत, हिरवे लावलेत. एकेक माणूस, एकेक बाक ते बायकोला देत गेले. इतक्या हळू आवाजात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"आणि दादा?"

"उभा आहे. वाकलाय थोडा."

"कुणाकडे बघतोय?"

बळवंतरावांनी इतका वेळ तिकडं बघायचं टाळलं होतं. त्यांनी मान वर केली. प्रार्थना संपली होती, कागद विठ्ठलरावांच्या हातात तसाच राहिला होता, आणि ते मागच्या बाकाकडे एकटक बघत होते.

"माझ्याकडे," ते म्हणाले.

"मग बघा ना तुम्हीही," सुमित्राबाई म्हणाल्या. "मला इथून दिसत नाही."